चावणारा काठ

"मामा, होडी चावली!"

भाची खाडीच्या मधोमध असताना हे ओरडली. मी शेजाऱ्यांच्या होडीतून वल्हं मारत तिच्या मागे राहायचा प्रयत्न करत होतो. दुपारचा पश्चिमेचा वारा चांगलाच चढला होता. पाय तळाच्या पट्ट्याखाली अडकवून, मांड्या काठावर टेकवून तिनं अंग बाहेर झोकलं होतं. शिकवलं होतं तसंच. किनाऱ्याला आल्यावर तिनं मांडीच्या मागे उठलेली निळी खूण दाखवली आणि पुन्हा त्या होडीत बसणार नाही असं जाहीर केलं.

होडी चावली हे अक्षरशः खरं होतं. काठाच्या बाहेरची लाकडी पट्टी आणि प्लायचं अंग यांत एक फट पडली होती. वाऱ्याचा झोत आला की पट्टी वाकून फट उघडायची, झोत ओसरला की मिटायची. मधे कातडी सापडली. किनाऱ्यावर होडी रिकामी उभी असताना मात्र ती फट दिसतही नव्हती. वरून रंगाचा जाड थर होता आणि लांबून बघणाऱ्याला सगळं झकास वाटलं असतं.

होडी ऑप्टिमिस्ट जातीची. १९४७ साली अमेरिकेत, फ्लॉरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडीकारानं ती आखली. मुलांना पन्नास डॉलरच्या आत घरच्या घरी बांधता येईल अशी शिडाची होडी हवी, ही कल्पना तिथल्या क्लिफर्ड मॅके यांची. प्लायचे पत्रे आठ फुटी, त्यात बसेल असा आकार, म्हणून तिला टोकदार नाळ नाही. पुढचं तोंड चौकोनी, बोथट. लांबी २.३६ मीटर, एक डोलकाठी, एक शीड, एक मूल. आज जगभर मुलं शिडाची होडी शिकतात ती बहुतेक याच जातीच्या फायबरच्या होडीवर. माझी मात्र जुन्या पद्धतीची, सहा मिलिमीटर प्लायची. मुंबईच्या एका क्लबानं अडगळीतून काढलेली मी भंगाराच्या भावात उचलली आणि टेम्पोवर टाकून दाभोळच्या खाडीकाठी गावी आणली. शर्यतींना न्यायची नव्हती, त्यामुळे नियमांच्या मापांची फिकीर नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते शर्यतीच्या होडीला चालणार नाही.

काठ म्हणजे साडीच्या काठासारखी शोभेची कड, असा माझाही समज होता. पातळ प्लायच्या होडीत तसं नसतं. पुठ्ठ्याचं झाकण नसलेलं खोकं हातात घेऊन दाबून बघा. तळ टिकतो, कोपरे टिकतात, वरच्या मोकळ्या कडा मात्र आत-बाहेर डुलतात. त्या कडेला नुसती बांबूची कामटी चिकटवली तरी खोकं ताठ होतं. होडीतही तेच. या होडीची डोलकाठी कुठल्याही दोरांनी ताणून धरलेली नसते. ती एका आडव्या बाकातून खाली जाते. वारा शिडाला ढकलतो, शीड डोलकाठीला, डोलकाठी बाकाला आणि बाक दोन्ही बाजूंच्या प्लायला. त्यात मुलाचं वजन काठावर, होडी उचलणाऱ्यांचे हात काठावर, धक्क्याला आपटते तीही काठावरच आणि पालथी घातली की सगळा भार पुन्हा त्याच काठावर.

दिवाळीनंतर होडी आंब्याखाली आडवी केली आणि तपासायला बसलो. माझं हत्यार एवढंच : पेचकसाची मूठ आणि एक टोच्या. मुठीनं काठावर दर दोन बोटांवर टकटक करत जायचं. निरोगी लाकूड टणत्कार देतं, कुजकं बद्द बोलतं. डाव्या बाजूला डोलकाठीच्या बाकापासून मागे सुमारे ७० सेंटिमीटर आवाज बद्द होता. उजवीकडे दोन ठिकाणी, हातभर अंतरात. पुढच्या चौकोनी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात थोडासा संशय आला, पण टोच्या आत गेला नाही म्हणून तो सोडून दिला. या कोपऱ्याकडे पुन्हा यायचंच आहे.

पट्टी उचकटली तेव्हा आतलं प्रकरण उघडं पडलं. आधी कुणीतरी एकदा दुरुस्ती केलेली होती. जुनी पट्टी सैल झाल्यावर तिच्यावरूनच लोखंडी स्क्रू मारले होते, डोक्यांवर लांबी (पुट्टी) भरली होती आणि वर तैलरंग. प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ होतं. लोखंड गंजतं, फुगतं, भोक मोठं होतं आणि त्यातून पाणी थेट प्लायच्या गाभ्यात जातं. वरच्या कडेला तर प्लायची उघडी धार, म्हणजे सगळ्या थरांची तोंडं आकाशाकडे. रंगाला केसाएवढी चीर गेली की तिथून पाणी आत शोषलं जातं आणि पट्टीच्या आड अडकून बसतं. बाहेरून रंग असल्यामुळे ते सुकतही नाही.

हे पाणी खाडीचं नव्हतं, पावसाचं होतं. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तितकं फावत नाही; गोडं पाणी, हवा आणि ऊब मिळाली की ती माजते. ही होडी क्लबाच्या आवारात कित्येक पावसाळे उताणी पडून होती असणार. आत मारलेल्या जुन्या रंगावर पाण्याच्या पातळीच्या रेघा अजून दिसत होत्या.

आमच्याकडे मोठ्या मासेमारी होड्या बांधलेले एक सुतारकाका आहेत. आता हातानं काम करत नाहीत, पण बघायला येतात. ते आले, उकिडवे बसले, प्लायचा कुजका तुकडा चिमटीत चुरडला.

"हे लाकूड नाही, बिस्किट आहे. काढा."

"किती काढू, काका?"

"चांगलं लागेपर्यंत. आणि चांगलं लागलं की आणखी चार बोटं."

ही चार बोटं जिवावर येतात. प्रत्येक इंच कापताना आपण होडी वाचवतोय की संपवतोय असं वाटत राहतं. पण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते, हे त्यांचं म्हणणं मी मानलं.

कापण्याआधी मात्र एक काम केलं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम काढल्या तर होडीचं अंग आपल्या मर्जीनं फाकतं किंवा मिटतं, मग नवी पट्टी त्या चुकीच्या आकारावर पक्की बसते. म्हणून एका वेळी एकच बाजू. शिवाय मधोमध बाहेरून बाहेर ११२ सेंटिमीटर भरलं तिथे आत एक रीप आडवी ठोकून बाहेरून दोरी आवळली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घेतली, तर त्यांत सहा मिलिमीटरांचा फरक. होडी आधीच किंचित पिळलेली होती. एक कोपरा लाकडी ठोकळ्यावर घेऊन, समोरच्या कोपऱ्यावर चिऱ्याचा दगड ठेवून तो फरक दोनावर आणला आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

मग नोव्हेंबर संपेपर्यंत होडी तशीच, उघड्या जखमेसह, पडवीत सुकत ठेवली. घाई झालेल्यांना हे पटत नाही. ओलं लाकूड चिकटवून वर रेझिन फासलं की ते पाणी आतच कैद होतं. धान्याच्या काट्यावर होडी ३९ किलो भरली होती. तीन आठवड्यांनी ३६ भरली. काढून टाकलेल्या लाकडाचं वजन धरलं तरी दीड-दोन किलो नुसतं पाणी त्या प्लायमध्ये होतं.

नवा प्लाय आयएस ७१० छापाचा, सहा मिलिमीटर, मरिन दर्जाचा घेतला. छापावर पूर्ण विसंबून न राहता एक तुकडा तासभर उकळून बघितला. थर सुटले नाहीत. तुकडा जोडायचा तो सरळ टोकाला टोक लावून नाही, तिरपा जोड करून. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे सहा मिलिमीटरला जवळजवळ पाच सेंटिमीटर. जुन्या प्लायला तसाच उतार, नव्याला उलटा, आणि एकावर एक. रंध्यानं हा उतार काढताना प्लाय स्वतःच मार्गदर्शन करतो. प्रत्येक थराची एक पट्टी उघडी पडते. त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या तर उतार बरोबर, वेड्यावाकड्या झाल्या तर रंधा कुठे जास्त बसला ते कळतं. मला या कामाची इतकी गोडी लागली की उजवीकडचा एक उतार गरजेपेक्षा लांब काढून बसलो.

चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव कालवले की घट्ट होणारा चिकटा. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर, वजनानं शंभराला दहा. वजनानं हा शब्द महत्त्वाचा. चमच्यानं अंदाजे घालणाऱ्यांची पट्टी महिनाभर चिकट राहते आणि लवकर सुकावं म्हणून जास्त हार्डनर घालणाऱ्यांची ठिसूळ होते. मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला. तरी पहिल्या दिवशी शहाणपणा केलाच : २०० ग्रॅम मिश्रण एकदम प्लास्टिकच्या मगात कालवलं. दहा-बारा मिनिटांत मग गरम झाला, धूर आला आणि बूड वितळून सगळा गोळा अंगणात पडला. रेझिन सुकताना स्वतःच उष्णता सोडतं आणि खोल भांड्यात ती उष्णता कोंडते. त्यानंतर पन्नास-साठ ग्रॅमच्या वर कालवलं नाही, आणि कालवल्यावर लगेच पसरट ताटलीत ओतलं.

बाहेरच्या पट्टीसाठी सागवान. धक्क्याला, दगडाला, दुसऱ्या होडीला घासणारा भाग तो, तिथे सागवानासारखं काही नाही. पण सागवानाच्या अंगात तेल असतं आणि ते चिकटायला नखरे करतं. ताजा रंधा मारायचा, अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसायचं, त्याच दिवशी चिकटवायचं. आदल्या रात्री रंधून ठेवलेली पट्टी सकाळी पुन्हा रंधावी लागते. २० मिलिमीटर जाडीची एकच पट्टी काठाच्या वळणावर वाकवायला गेलो तर ती स्प्रिंगसारखी उसळत होती. म्हणून दहा-दहाच्या दोन पट्ट्या, एकीवर एक. वाकवताना सोप्या आणि चिकटल्यावर तो आकार सोडत नाहीत.

एवढे क्लॅम्प कुणाकडे असतात? चार इंची पीव्हीसी पाइप घेतला, त्याचे तीन-तीन सेंटिमीटरचे कडे कापले आणि प्रत्येक कडं एका जागी चिरलं. ते फाकवून काठावर चढवलं की छान चावा घेतं. एका बाजूला बावीस कडी लागली, दर दहा सेंटिमीटरला एक. आणि त्यांचा चावा बेताचा असतो, हाही फायदाच. फेविकॉलची सवय असलेला माणूस जोड करकचून आवळतो. इपॉक्सीला तसं केलं की सगळं रेझिन बाहेर येतं आणि जोड उपाशी राहतो. दोन्ही पृष्ठभागांना आधी पातळ रेझिन पाजायचं, मग सिलिकाची पूड घालून दाट केलेलं लावायचं, आणि कडेनं बारीक मण्यांसारखं बाहेर येईल एवढंच दाबायचं. प्लायच्या वरच्या उघड्या धारेला रेझिन तीनदा पाजलं. पहिले दोन हात ती गटागटा प्यायली.

डोलकाठीच्या बाकाजवळ सगळ्यात जास्त जोर येतो म्हणून तिथे आतून दोन्ही बाजूंना नऊ मिलिमीटर प्लायचा तीस सेंटिमीटर लांब तुकडा चिकटवला. चौकोनी, कोपरे नीट काटकोनात. दिसायला फार सुबक. रेझिन ऊन खातं म्हणून वर रंग लागतोच. रंगाआधी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, कारण दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर रंग धरत नाही. डिसेंबर संपता संपता होडी तयार झाली. भाची मेच्या सुटीत आली, दोनदा काठावर बोट फिरवून खात्री केली आणि बसली.

सुटी संपायच्या आत डावीकडे रंगावर एक उभी रेघ दिसली. केसाएवढी. मी नखानं खरवडली, तर ती रंगात नव्हती, प्लायमध्ये होती. आणि ती नेमकी माझ्या सुबक तुकड्याच्या मागच्या कडेला, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

सुतारकाकांनी ती बघितली. मी जरा तावातच सांगत होतो की सगळ्यात मजबूत केलेल्या जागी हे कसं झालं.

"भाऊ, तुम्ही जाड केलंत ते बरोबर. पण ते जाड संपतं कुठे, ते बघितलंत का?"

नंतर कागदावर मांडलं तेव्हा उलगडा झाला. फळीचा ताठपणा जाडीच्या घनानुसार वाढतो. सहा मिलिमीटरचा प्लाय एका रेषेपलीकडे एकदम पंधरा मिलिमीटर होतो, म्हणजे त्या रेषेवर ताठपणा साधारण पंधरापट उडी मारतो. आधी होडीचं अंग लांबवर थोडं थोडं वाकायचं. आता तीस सेंटिमीटरचा भाग मुळीच वाकेना, आणि सगळं वाकणं त्याच्या कडेला गोळा झालं. ती चीर मीच बोलावली होती. कुजक्या काठानं निदान नुसतं चावलं होतं.

मोठ्या फळ्यांच्या होडीत आतली मजबुतीची लाकडं टोकाला निमुळती का करतात, हे मी शंभरदा बघूनही विचारलं नव्हतं. मला ती हौस वाटायची.

दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आंब्याखाली. तुकडा उखडणं शक्य नव्हतं, इपॉक्सीनं प्लायच सोबत आला असता. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना आणि खालच्या कडेला सात-आठ सेंटिमीटर लांबीचा उतार रंधून कडा शून्यावर आणल्या. चिरेच्या दोन्ही अंगांना, आतून आणि बाहेरून, उथळ बशीसारखा खड्डा घासला. त्यात चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या काचकापडाचे दोन-दोन थर, एक लहान आणि त्यावर मोठा, रेझिनमध्ये भिजवून बसवले. वर लांबी, पॉलिश पेपर, रंग.

हे झालं दुखण्यावर. खरा बदल केला तो आतल्या बाजूनं : पुढच्या तोंडापासून मागच्या फळीपर्यंत न तुटणारी एक आतली पट्टी. बारा मिलिमीटर जाड, शिवण झाडाच्या लाकडाची, कारण ते हलकं असतं आणि आत घासाघीस नसते. पण ती प्लायला सलग चिकटवली नाही. मधे दर बारा सेंटिमीटरवर पंधरा मिलिमीटर जाडीचे ठोकळे, आणि दोन ठोकळ्यांमधे मोकळी जागा. शिडीच्या पायऱ्यांसारखं. बाहेरची पट्टी, प्लाय, ठोकळा आणि आतली पट्टी मिळून काठ त्रेपन्न मिलिमीटर रुंद झाला. आडव्या वाकण्याला रुंदीचा फायदा तसाच घनानं मिळतो. भरीव लाकडाची रुंदी दुप्पट केली तर आठपट विरोध होतो. मोकळ्या जागांमुळे पूर्ण घन मिळत नाही, पण वजन जेमतेम किलोभर वाढून होडी इतकी ताठ झाली की दोन विरुद्ध कोपरे दाबून बघताना पूर्वीसारखी ती कुरकुरली नाही.

त्या मोकळ्या जागांचं मला जास्त कौतुक आहे. होडी पालथी घातली की सलग आतल्या पट्टीची पन्हाळ होते आणि पहिल्या पावसातच तिथे पाणी साचतं. इथे ते गळून जातं. पुन्हा हवेच्या पिशव्या बांधायला, दोरी अडकवायला, चौघांनी होडी उचलायला आपोआप पकड मिळाली. पोरांची बोटं अडकतील ही भीती होती म्हणून सगळ्या कडा बोटाएवढ्या गोल केल्या. सगळ्यात कंटाळवाणं काम तेच होतं. दोन्ही बाजू मिळून चौतीस ठोकळे, प्रत्येकाच्या चार कडा, आणि भोकात शिरणारा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळलेला.

स्क्रू एकही ठेवला नाही. चिकटवताना तात्पुरते लावले होते ते दुसऱ्या दिवशी काढले आणि भोकं रेझिननं भरली. ज्यांना धातूशिवाय चैन पडत नाही त्यांनी निदान ३१६ प्रतीचं स्टेनलेस वापरावं आणि भोक आधी रेझिननं भरून, सुकवून, मग त्यातच बारीक भोक पाडावं. माझ्या मते इतका खटाटोप करण्यापेक्षा स्क्रू नकोच.

त्यानंतर दोन सुट्या झाल्या. भाचीची उंची होडीला जुमानेना, म्हणून आता तिचा धाकटा भाऊ बसतो आणि ती किनाऱ्यावरून सूचना सोडते. पावसाळ्याआधी होडी पालथी, दोन ओंडक्यांवर, वर झावळ्या. ताडपत्री नाही, कारण तिच्याखाली घाम धरतो. चिरेच्या जागी रंग अखंड आहे. दर दिवाळीला पेचकसाची मूठ घेऊन टकटक करत काठाची एक फेरी मारतो.

यंदा सुतारकाका सोबत होते. डावी बाजू झाली, मागची फळी झाली, उजवी झाली. पुढच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्याशी ते थांबले, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज बद्द होता. काठपट्टीचं टोक, तोंडाच्या फळीची धार आणि अंगाचा प्लाय, तिघांचीही उघडी तोंडं तिथे एकत्र येतात आणि धक्क्याला पहिला मार त्याच कोपऱ्याला बसतो. मी आत गेलो आणि टोच्या घेऊन आलो.